सुलट बाजू खाली असते

विणकरांना तुम्ही डिझाइन काय शिकवणार, ते तर पिढ्यान्‌पिढ्या विणत आलेत, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की हल्ली मी त्यावर चिडतसुद्धा नाही. मी चिडत नाही ही केवढी मोठी गोष्ट आहे ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारा. पाठीमागं मला ‘मिरची टीचर’ म्हणायचे. एकदा हजेरी घेताना एकाच्या तोंडून माझ्यासमोरच निघून गेलं, “हजर, मिरची टीचर.” मग जीभ चावून बसला. मी त्याला शिक्षा म्हणून लाल रंगाच्या छटा मिसळायला लावल्या. दुपारपर्यंत मिसळत होता बिचारा. पुढं त्याच छटांची त्यानं चादर काढली, तेव्हा शिक्षा वाया गेली नाही म्हणायची.

आमचा वर्ग नेमका काय करायचा ते सांगते. विणकराच्या हाताला कापड येतं, पण कापडावर काय यावं हे कायम दुसरंच कुणीतरी ठरवतं. व्यापारी नमुना देतो, ग्राफवाला तो चौकटीच्या कागदावर उतरवतो, तिसरा त्यावरून पत्ते पाडतो, आणि विणकर मुकाट्यानं विणतो. आम्ही त्याच्या हातात पेन्सिल द्यायचो. ऐकायला सोपं वाटतं. पण जन्मभर मागावर धोटा फेकलेल्या माणसाला पेन्सिल दिली की तो ती मुठीत धरतो आणि कोऱ्या कागदाकडं असा बघतो, जणू मी त्याला विहिरीत उतरायला सांगितलंय.

मी स्वतः सोलापूरच्या पूर्वभागातल्या, तेलुगू वस्तीतल्या विणकर घरातली. आई धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायची, वडील कारखान्यात मागावर. घरात तेलुगू, शाळेत मराठी, पलीकडच्या गल्लीत दखनी. चित्रकलेचा कोर्स केला, एका कारखान्यात काही वर्षं ग्राफ काढले, आणि मग या वर्गावर आले ती निवृत्त होईपर्यंत तिथून हललेच नाही. वर्गात आम्ही तिन्ही भाषांची खिचडी बोलायचो आणि शिव्या मात्र शुद्ध मराठीत द्यायचो. म्हणजे मी द्यायची.

आता थोडं मागाबद्दल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सोलापुरात चादरी नि टॉवेल यंत्रमागावर निघतात. हातमाग थोडेच उरलेत. त्यातल्या काहींवर भिंतीवर टांगायची चित्रं विणतात, त्यांना आम्ही सरसकट वॉलहँगिंग म्हणतो. मागाच्या डोक्यावर जकार्डची पेटी असते. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ तिच्यावरून फिरते. पायानं फळी दाबली की भोकांच्या हिशेबानं ताण्याचे, म्हणजे उभे, काही धागे वर उचलले जातात, काही खाली राहतात. मधून आडवा धागा, म्हणजे बाणा, घेऊन धोटा गेला आणि फणीनं तो ठोकला की चित्राची एक ओळ झाली. आणि यातली गंमत अशी की चित्र विणलं जातं पालथं. सुलट बाजू खाली, जमिनीकडं. तसं विणलं की कमी धागे उचलावे लागतात, पायाला हलकं जातं. म्हणजे विणकर दिवसभर ज्याच्यावर वाकलेला असतो ती कापडाची पाठ. मोर विणणाऱ्याला मोर धड दिसत नाही, सुट्या धाग्यांचा गुंता दिसतो. चूक झाली तर तीही त्या गुंत्यात लपून राहते. म्हणून पूर्वी विणकर मागाखाली आरसा ठेवायचे. आताची पोरं मोबाइल खाली धरून फोटो काढतात.

मी पहिल्याच तासाला सांगायची, तुम्ही सगळ्यात जास्त विणलेलं चित्र आठवून काढा. आणि दरवर्षी सगळे एकच चूक करायचे. निळ्या जमिनीवरचा पांढरा हत्ती पांढऱ्या जमिनीवर निळा व्हायचा, त्याचं तोंड डावीकडून उजवीकडं जायचं. सगळे पाठीची बाजू काढायचे. मी ती चित्रं भिंतीला लावून शेजारी खरं वॉलहँगिंग टांगायची. वर्ग हसत सुटायचा. मला हा तास फार आवडायचा. स्वतःच्या कामाकडं माणसं पहिल्यांदा समोरून बघायची.

एका वर्षी मात्र एकाचा कागद कोरा राहिला. नरसय्यामामा. वर्गात वयानं सगळ्यात मोठे, पांढरी मिशी, शर्टाच्या खिशात चष्मा. मी विचारलं, “काय मामा, जमलं नाही?”

“जमंल की टीचर. पन बायकोला इचारून काढतो.”

सगळे हसले. मी म्हटलं, “बायकोला कशाला?”

“सुलट बाजू तीच बघती. मला कुटं ठावं?”

मागच्या बाकावर बिरू होता, सांगोल्याकडचा, घोंगड्या विणणारा. तो म्हणाला, “मामा, मग मामीलाच धाडा की वर्गाला. तुमी घरी कांड्या भरा.”

“कांड्या मला न्हाय जमत,” मामा गंभीरपणे म्हणाले.

हा बिरू म्हणजे एक नग होता. रंगाच्या तासाला मी त्याला विचारलं, घोंगडीत काळ्याबरोबर दुसरा कुठला रंग घेशील. तर म्हणाला, “ते मेंढी ठरवती टीचर. भुरी निघाली तर भुरा. हिरवी मेंढी दावा, हिरवा घेतो.” मी त्याला हिरवी मेंढी काढायला लावली. छान काढली त्यानं. पण बिरूचं राहू दे, मला मामांचं सांगायचंय.

घरी जाऊन माग बघणं हाही आमच्या कामाचा भाग होता. मामांचं घर म्हणजे एक लांबट खोली. अर्धी मागानं खाल्लेली, उरलेल्या अर्ध्यात स्वयंपाक, कपाट, देव. मुलगा पुण्याला नोकरीला. मागाच्या उजव्या अंगाला जमिनीवर पोतं टाकून राजव्वा बसलेल्या, मामांची बायको. पुढ्यात कांड्या भरायचा रहाट, मांडीवर सुताची लड. मामा थोडं विणायचे, थांबायचे आणि मान न वळवता म्हणायचे, “किंदा चूडु.” म्हणजे खाली बघ. राजव्वा हात न थांबवता वाकायच्या, मागाखालून वर बघायच्या आणि म्हणायच्या, “बागुंदी.” चांगलं आहे. मग मामांचा पाय पुन्हा फळीवर. लग्न झाल्यापासून हे असं चाललेलं. दोघांमध्ये दिवसभरात दुसरं बोलणं फारसं नसायचं, पण एवढं बोलणं सारखं असायचं.

मी म्हटलं, “मामा, आरसा नाही ठेवत तुम्ही?”

त्यांनी हनुवटीनं राजव्वांकडं दाखवलं. “आरसा हाय की हितं. वर च्या बी करतो.”

राजव्वांनी सुताची रिकामी कांडी त्यांच्या पाठीवर फेकून मारली. नेम बरोबर लागला. मी हे मुद्दाम सांगतेय, कारण हे वर्गाच्या सुरुवातीचं आहे.

वर्गाच्या शेवटी प्रत्येकानं स्वतःचं डिझाइन विणायचं असायचं. त्याचं प्रदर्शन भरायचं, बाहेरगावचे दुकानदार यायचे, एखाद्याला काम मिळायचं. मामांना त्या कामाची निकड होती. ज्या व्यापाऱ्याचं सूत ते विणायचे, त्यानं बजावलं होतं की आणखी एकदा डागी माल आला तर सूत देणं बंद. सूत बंद म्हणजे माग बंद. या वयात दुसरं कोण त्यांना सूत देणार? म्हणून तर ते पोराटोरांमध्ये येऊन बसले होते. त्यांनी चित्र निवडलं ज्वारीच्या कणसाचं. एकच मोठं कणीस, भरलेलं, किंचित वाकलेलं. मला बघताक्षणी आवडलं. आमच्याकडं मोर, हत्ती, देवळं पुष्कळ विणतात, पण आपण रोज ज्याची भाकरी खातो ते कुणाला सुचलं नव्हतं.

पहिला नमुना आला. कणसाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत फट. ताण्याचा धागा तुटलेला आणि कुणाच्या लक्षात आलेला नाही. मी सांगितलं, दुरुस्त करून आणा. दुसरा नमुना आला, त्यात दाण्यांच्या ओळी सरकलेल्या. तिसऱ्यात दोन्ही. माझा पारा चढला. भर वर्गात म्हणाले, “मामा, नवखं पोर असलं विणणार नाही. तुम्हाला प्रदर्शनात यायचंय की नाही?”

मामा नुसते हसले. “चुकलं टीचर,” म्हणाले आणि नमुन्याची घडी घालून पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आरसा घेतला. दाढीचा असतो तसला, लाल प्लास्टिकच्या चौकटीचा. तडक त्यांच्या घरी गेले. राजव्वा रहाटापाशी होत्या. मी आल्याचं बघून, खरं म्हणजे माझा आवाज ऐकून, त्या उठल्या आणि शेजारून दूध आणते म्हणून गेल्या. भिंतीला हात लावत गेल्या, हे मला नंतर आठवलं. मी पर्समधून आरसा काढला आणि मागाखाली वाकले, तेवढ्यात मामांनी मागावरूनच माझा हात धरला. इतक्या वर्षांत कुठल्या विद्यार्थ्यानं माझा हात धरला नव्हता.

“तो नको टीचर.”

“का नको? चुका दिसत नाहीत तुम्हाला, दिसायला पाहिजेत की नको?”

“मला दिसत्यात. कापड उतरलं की दिसत्यात.” मग दाराकडं बघून आवाज उतरवून म्हणाले, “तिला दिसत न्हाय.”

राजव्वांना शुगर होती. डोळ्याच्या पडद्यापर्यंत गेली. बहिणीबरोबर जाऊन त्या गुपचूप दवाखान्यात दाखवून आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत यायची नाही, आहे तेवढी जपा. घरी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. बहिणीच्या पोटात मात्र राहिलं नाही, तिनं मामांना सांगितलं. मामांनीही अवाक्षर काढलं नाही. ते आपले म्हणायचे खाली बघ, त्या वाकायच्या, म्हणायच्या चांगलं आहे, आणि मामांना पक्कं ठाऊक असायचं की त्यांना अंधूक सावलीपलीकडं काही दिसलेलं नाही. तरी पाय फळीवर पडायचा.

“अहो मामा, पण माल डागी होतोय. सूत बंद होईल.”

“व्हय.”

“मग?”

“आरसा ठेवला तर तिला कळंल, मला ठावं झालंय. मग ती उठंल तितनं.” पोत्याकडं बोट दाखवलं त्यांनी. “उठून कुटं बसंल, टीचर? घरात दुसरी जागाच न्हाय तिची.”

मी आरसा पर्समध्ये ठेवला. राजव्वा दूध घेऊन आल्या, चहा झाला, त्यात साखर कमी पडली होती, मी तसाच प्यायले. घरी येऊन मात्र मी रडले. चिडकी माणसं रडतात तेव्हा स्वतःवरच चिडतात, तसलं ते रडणं होतं. माझ्याकडं डिझाइनच्या इतक्या युक्त्या, पण या गोष्टीला लागू पडेल अशी एकही सुचेना.

त्या आठवड्यात पोताचा तास होता. पोत म्हणजे कापडाचा हाताला लागणारा गुण. मी सगळ्यांचे डोळे बांधायची आणि हातात एकेक कापड द्यायची. ओळखा, टॉवेल की चादर, सुती की लोकर. हा तास म्हणजे निव्वळ धिंगाणा. बिरूनं शेजाऱ्याच्या डोक्यावर हात फिरवून “घोंगडी, जुनी, विरळ झालीय” असं जाहीर केलं. मामांच्या हातात टॉवेल आला होता. आपल्या टॉवेलवर दोऱ्याचे बारीक फासे उभे असतात, त्यावरून ते अंगठा फिरवत बसले. सगळ्यांनी पट्ट्या सोडल्या, हे तसेच. मला वाटलं झोप लागली. मी जवळ गेले तर डोळ्यांवर पट्टी तशीच ठेवून त्यांनी विचारलं, “टीचर, कणसाचा दाणा असा उभा करता यील काय? हाताला लागंल असा?”

माझ्या डोक्यात लख्ख झालं. मी त्यांच्या शेजारी बाकावरच बसले.

करता येतं. दाण्यांपुरता जाड सुताचा जादा बाणा घालायचा. तो सुलट बाजूला उचलून येतो, म्हणजे मागावर खालच्या अंगाला. आम्ही दोघांनी तो ग्राफ नव्यानं मांडला. मी काढायची, मामा नाही म्हणायचे. सूत फार जाड घेतलं तर दाणा मक्याचा होत होता, बारीक घेतलं तर हाताला लागत नव्हता. ते नमुन्यावर बोट फिरवायचे आणि म्हणायचे, “हे मला कळतंय. तिचं बोट कांड्यांनी घट्ट झालंय, तिला कळणार न्हाय.” इतका आडमुठा विद्यार्थी मी पाहिला नव्हता, आणि कुणाच्या हट्टापुढं मी इतक्या खुशीनं वाकलेही नव्हते. शेवटी चार पदरी सुतावर आमचं जमलं. पत्ते नव्यानं पाडले.

पण राजव्वांना सांगायचं काय? याचीही तोड मामांनी काढली, माझ्या जिवावर. मला घरी बोलावलं आणि माझ्यादेखत बायकोला म्हणाले, “टीचरनी नवी पद्धत सांगितलीया. आता बघून तपासायचं न्हाय. हातानं तपासायचं.”

राजव्वांनी माझ्या दिशेला तोंड केलं. “खरं काय टीचरम्मा?”

“खरं,” मी म्हटलं. “हल्ली सगळीकडं असंच करतात. बघून दाण्याचा उठाव कळत नाही.” खोटं बोलताना माझा आवाज फार करारी होतो, असं माझी मुलगी म्हणते.

मामा मागावर बसले. फळी, धोटा, फणी. थोडं कापड पुढं सरकलं. त्यांनी मान न वळवता म्हटलं, “किंदा चूडु.”

राजव्वांनी उजवा हात पदराला पुसला आणि मागाखाली घातला. कणसावरून बोटं खालून वर जाऊ लागली. दाण्यावरून दाणा. एरवी त्यांचं ‘बागुंदी’ लगेच यायचं, त्या दिवशी येईना. मामा हातातला धोटा तसाच धरून बसलेले. बोटं वर गेली, पुन्हा खाली आली, एका जागी थांबली.

“बागालेदू,” राजव्वा म्हणाल्या. चांगलं नाही.

मामांनी धोटा खाली ठेवला. मग म्हणाले, “कुटं?”

“हितं. दाणा न्हाय हितं. जागा मोकळी हाय.”

मामा खाली उतरले, वाकले. धागा तुटला होता, एक दाणा उठलाच नव्हता. नुसत्या डोळ्यांनी मला तो शोधायला वेळ लागला असता. मामांनी धागा जोडला आणि झालेल्या ओळी उसवायला घेतल्या. उसवणं हे विणकराला सगळ्यात नकोसं काम. सगळं उलट करत जायचं, पत्ते मागं फिरवायचे, बाणा एकेक ओळ काढायचा. मी माझ्या आयुष्यात कुणाला इतक्या आनंदानं उसवताना बघितलं नाही. मिशीखाली हसत होते, आणि राजव्वा आपल्या करवादत होत्या, लक्ष कुठं असतं, म्हातारे झालात, मी नसते तर काय केलं असतं.

कणीस प्रदर्शनात लागलं. एक फट नाही, एक ओळ सरकलेली नाही. त्याच्याखाली तिथल्या माणसांनी ‘कृपया हात लावू नये’ अशी पाटी लावली होती, ती मी उचलून टेबलाखाली टाकली. कुणीतरी परत लावली, मी परत टाकली. पुण्याच्या एका दुकानाच्या बाईंनी कणसावरून हात फिरवला आणि आणखी विणायला सांगितली. फार मोठं काम नव्हे, पण माग चालू राहील एवढं अजून येत असतं. व्यापाऱ्याचं सूतही बंद झालं नाही. त्याच्या हत्तींनाही मामांनी जाड सुताची झूल घातली, तपासायला.

प्रदर्शनाच्या संध्याकाळी गर्दी पांगल्यावर राजव्वा कणसापुढं उभ्या होत्या, एक हात त्याच्यावर आणि दुसरा माझ्या दंडावर. मामा लांब, बिरूबरोबर चहा पीत होते. राजव्वा तेलुगूत हळूच म्हणाल्या, “टीचरम्मा, तुमची नवी पद्धत चांगली आहे. पण तुम्हाला खोटं बोलता येत नाही.”

मी उगाच कणसाची कड सारखी केली.

“त्यांना कळलंय, ते मला ठाऊक आहे. त्यांना सांगून टाकल्याचं बहिणीनंच मला कबूल केलं, तेव्हापासून ठाऊक आहे. तुम्ही मात्र हे त्यांना सांगू नका.”

“का हो?”

त्यांची बोटं कणसावरून फिरत होती. म्हणाल्या, “ते खाली बघ म्हणायचं सोडून देतील.”

मी दोघांनाही काही सांगितलं नाही. माझ्यासारख्या बोलभांड बाईनं एवढ्या काळात एक गोष्ट पोटात ठेवली असेल तर ती हीच. इथं लिहिलीय, कारण नरसय्यामामा तेलुगू शाळेत शिकलेले, त्यांना मराठी वाचता येत नाही, आणि राजव्वांचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. नावं मी बदललीत. तरीही पूर्वभागातल्या कुणाच्या हाती हा अंक पडला आणि घर ओळखू आलं, तर एवढीच विनंती आहे. त्या घरात तो वाचून दाखवू नका.